बाबा आत झोपलेत

दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या दाराबाहेर कायम पुरुषाचे बूट असत. जिना चढून येणाऱ्याला आधी बूट दिसत, मग दार. कधी काळे, नाडीचे. कधी तपकिरी, टाचेला झिजलेले. पावसाळी दिवसांत चिखलाने माखलेले. एक बूट सरळ आणि दुसरा जरासा तिरपा, कुणीतरी दमूनभागून आल्यावर पायानेच ओढून काढावा तसा. घरात मात्र पुरुष नव्हता. एक बाई होती आणि तिची जेमतेम सहा वर्षांची मुलगी. त्या दोघींच्या चपला आत, दाराआड असत.

बाई बूट दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. दुकानात तिला सगळे टाकेवाली म्हणत, कारण उसवलेला जोड तिने शिवला की जुना टाका कुठे संपला आणि तिचा कुठे सुरू झाला हे शोधून सापडत नसे. आरी, मेण लावलेला दोरा आणि मांडीवर उपडा घातलेला बूट, की तिला जगाचा विसर पडायचा. दुकानाचा म्हातारा मालक तोंडाने फटकळ आणि कौतुकाच्या बाबतीत कंजूष. पण अवघड काम आलं की तो गिऱ्हाइकाकडे न बघता म्हणायचा, "तिच्याकडे द्या." यापलीकडे कौतुक त्याला येत नव्हतं, आणि तिला लागतही नव्हतं.

टाच बघून माणूस ओळखता येतो असं तिचं ठाम मत होतं. टाच बाहेरच्या बाजूने झिजली तर माणूस तोऱ्यात चालणारा, आतल्या बाजूने झिजली तर ओझ्याखाली वाकलेला. दुकानाला रबरी सोल पुरवणारा एक हसरा माणूस यायचा, त्याच्या टाचा मात्र सगळीकडून सारख्या झिजलेल्या. इतका सरळ माणूस तिने पाहिला नव्हता. तिने जीव लावला. दिवस गेलेत हे तिने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गुरुवारी माल घेऊन येतो, तेव्हा बोलू." गुरुवारी माल आला. घेऊन आला तो दुसराच कुणीतरी. पहिला कुठे आहे असं तिने विचारलं, तर त्या नव्या माणसाने खांदे उडवले आणि पावतीवर सही मागितली.

पुढे बरंच बोललं गेलं. आईने बोलणं टाकलं. थोरल्या बहिणीने, जी दूरच्या गावी सुखवस्तू घरात दिली होती आणि जिला स्वतःला मूल नव्हतं, तेव्हाच सुचवून पाहिलं की बाळ मला दे. टाकेवालीने ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. मुलगी झाली. ती इतकी बारीक आणि इतकी चळवळी होती की मालकाने तिला बघताच "ही तर मुंगी!" म्हटलं, आणि तेच नाव राहिलं.

बूट आले ते मुंगी तान्ही असताना. एका संध्याकाळी कुणीतरी दाराची कडी हलवत उभा राहिला. "उघड ना, एकटीच तर असतेस," असं हळू, लाडीगोडीच्या आवाजात म्हणत राहिला. टाकेवाली बाळाच्या तोंडावर हात धरून भिंतीला चिकटून बसली. समोरच्या आजींनी दार उघडून खाकरल्यावर तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून दोनदा दोरा तुटला. मालकाने कारण विचारलं, ऐकलं, आणि बेवारशी फळीवरून एक जोड काढला. लोक बूट दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला येत नाहीत. कुणी गाव सोडतं, कुणी विसरतं, कुणी मरतं. असे जोड त्या फळीवर धूळ खात पडलेले असत.

"हे दाराबाहेर ठेव," मालक म्हणाला. "आणि एकच जोड कायम ठेवू नकोस. लोक मूर्ख असतात, पण वाईट हेतूने येणारा नसतो मूर्ख. त्याला कळतं, बूट हलतात की नाही."

टाकेवालीने हे काम हाती घेतलं ते कारागिराच्या इमानाने. ती जोड बदलायची. रोज सकाळी बूट आत घ्यायची, संध्याकाळी बाहेर काढायची, सुट्टीच्या दिवशी दिवसभर बाहेरच ठेवायची. पाऊस असला की तळ ओले करून त्यांना रस्त्यावरचा चिखल लावायची. आत पाय असल्यासारखी घडी पडावी म्हणून पुढच्या भागात चिंध्या कोंबून दाबून ठेवायची. एखाद्या नटाने भूमिका करावी तशी ती बूट करायची. मुंगी मोठी झाली, समोरच्या आजींकडे न राहता दुपारची आपल्याच घरी राहू लागली, तेव्हा मात्र तिने बूट दिवसासुद्धा बाहेर ठेवायला सुरुवात केली. समोरच्या आजी दुपारभर मुंगीजवळ येऊन बसत. पण आजींचं वय झालेलं, कान गेलेले, आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा.

मग मुंगीलाही शिकवणं आलं. टाकेवालीने तिला समोर बसवून सांगितलं, "कुणी अनोळखी माणूस आला तर साखळी काढायची नाही. फटीतून बोलायचं. घरात कोण आहे विचारलं तर म्हणायचं, बाबा आत झोपलेत. कितीही गोड बोलू दे, खाऊ देऊ दे, हेच म्हणायचं. मी समोर असले आणि घाबरून काही भलतंच बोलले, तरी तू हेच म्हणायचं. कळलं?"

"कळलं," मुंगी म्हणाली. "तू घाबरशील?"

"एखाद वेळी."

मुंगी हुशार निघाली. फटीला नाक लावून ती असं काही "बाबा आत झोपलेत, हळू बोला" म्हणायची की झाडू विकणारा, वर्गणी मागणारा, वीजबिलवाला सगळे आवाज खाली करायचे. दर वेळी संध्याकाळी ती आईला सगळं साभिनय सांगायची, आणि आई तिला क्रीमचं बिस्कीट द्यायची. एरवी घरात साधी बिस्किटं असत. क्रीमचं याच कामाचं.

एक गोष्ट मात्र टाकेवालीला सलायची. मुंगी बुटांशी बोलायची. "आज फार चाललात का?" असं विचारायची. नवा जोड आला की "बाबांनी नवे घेतले!" म्हणून टाळ्या पिटायची. एकदा तर आपली बाहुली तिने बुटात बसवली होती आणि तिला थोपटत होती. टाकेवाली दारातून बघत राहिली. पोरीने बूट खरे धरलेत, तिला वाटलं. सांगून टाकावं का? पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गुरुवारी माल घेऊन येतो म्हणाला होता, हे? तिने आजचं उद्यावर ढकललं. असं ढकलणं फार सोपं असतं, आणि आपण सगळेच त्यात पटाईत असतो, म्हणून तिला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या वर्षी आजींना त्यांच्या मुलाने आपल्याकडे कायमचं बोलावून घेतलं. उन्हाळा संपता संपता त्या जाणार होत्या. दुकानात मुंगीला नेण्याची सोय नव्हती; सोल चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने तिला धाप लागायची, आणि डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. पाळणाघर होतं, चांगलं होतं, पण त्याची फी टाकेवालीच्या पगारात बसत नव्हती. घोडं तिथेच अडलं. बहिणीला हे कळलं तसा तिचा फोन आला. "शाळा सुरू व्हायच्या आत ठरव. इथे चांगली शाळा आहे, अंगण आहे, मी दिवसभर घरी आहे. मी काय तिला तोडणार आहे तुझ्यापासून?" बहिणीचा जीव खोटा नव्हता. म्हणूनच टाकेवालीला त्याची भीती वाटली. मुंगी तिकडे रमणार, वर्षाच्या आत ताईला आई म्हणणार, आणि त्यात कुणाचाच दोष नसणार, हे तिला लख्ख दिसलं.

तेव्हा मालकानेच सांगितलं की मूल एकटीने वाढवणाऱ्या बाईला सरकारी मदत मिळते, दरमहा. "अर्ज कर. लाज कसली? चामडं फाटलं की ठिगळ लावतोच ना आपण?"

तिने अर्ज केला. म्हणजे लिहायला दोन शब्द. करायला किती खेटे घातले ते तिचं तिला माहीत. खिडकीमागच्या कारकुनाने पहिल्या दिवशी मोठ्याने विचारलं, "घटस्फोट की विधवा?" ती म्हणाली, "काहीच नाही." तो म्हणाला, "काहीच नाही असा रकाना नाहीये." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी तिने तो शब्द उच्चारला, अविवाहित, आणि कारकुनाने तो असा लिहिला की जणू त्याच्याच पेनाला डाग लागणार होता. मग हा दाखला आणा, त्याची प्रत आणा, प्रतीवर सही आणा. तिने सगळं आणलं. आजींनी साक्ष दिली, मालकाने पगाराचं पत्र दिलं. शेवटी कारकून म्हणाला, "आता घरी पाहणी होईल. कुठल्याही दिवशी, न कळवता. घरात पुरुष राहत नाही ना, एवढंच बघतात."

"नाही राहत," ती म्हणाली.

ती घरी आली आणि घर घासूनपुसून काढलं. कागद पिशवीत नीट लावले. मुंगीला यातलं काही सांगितलं नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला. बूट? बूट तिच्या ध्यानातच आले नाहीत. इतकी वर्षं रोज ओलांडलेली वस्तू माणसाला दिसेनाशी होते. उलट पाहणीच्या आदल्याच दिवशी तिने नवा जोड आणला होता, आणि बाहेर वळवाचा पाऊस होता म्हणून तळाला छान ताजा चिखल लावून ठेवला होता.

पाहणीवाल्या बाई आल्या त्या दुपारी. आजी दूध आणायला खाली उतरल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो, कारण या गोष्टीत कुणाला तरी झोडपावंसं मलाही वाटतं आणि झोडपायला कुणी सापडत नाही. त्यांनी दार वाजवलं. साखळीच्या फटीतून एक डोळा दिसला.

"बाळ, घरात कोण आहे?"

"बाबा आहेत. आत झोपलेत. हळू बोला."

बाईंनी खाली पाहिलं. ओल्या चिखलाचे बूट, एक सरळ, एक तिरपा. त्यांनी छत्री काखेत धरून दोन ओळी लिहिल्या, आणि खरोखरच हळू पावलांनी जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी टाकेवाली घरी आली तर मुंगी दारातच नाचत होती. "आई, आज एक बाई आल्या होत्या! चष्म्याच्या. त्यांच्याकडे मोठी फाइल होती. मी बरोब्बर सांगितलं! त्या लग्गेच गेल्या."

टाकेवाली उंबऱ्याशी उभी राहिली. तिने बुटांकडे पाहिलं.

"आई? बरोबर केलं ना मी?"

रागवायचं तरी कशावरून? तिने जे शिकवलं तेच पोरीने केलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. टाकेवाली आत गेली, डबा उघडला आणि क्रीमचं बिस्कीट काढून मुंगीच्या हातावर ठेवलं.

अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. त्यात फेरविचार मागता येईल असंही लिहिलं होतं, म्हणून तिने तो मागितला. ठरलेल्या दिवशी मालकाने दुकान बंद ठेवलं, जे त्याने स्वतःच्या आजारपणातही केलं नव्हतं, आणि बेवारशी फळीवरचे सगळे बूट एका पोत्यात भरून तो तिच्याबरोबर कचेरीत गेला. मुंगीलाही आणायला सांगितलं होतं. साहेबांच्या टेबलासमोर मालकाने पोतं उपडं केलं. फायलींच्या बाजूला धूळभरल्या बुटांचा ढीग पडला.

"घ्या, हे नवरे हिचे," मालक म्हणाला. "एवढे आहेत. यातला कुठला मदत नाकारण्याच्या लायकीचा वाटतो ते सांगा."

साहेबांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं. ते मध्यमवयीन, थकलेले गृहस्थ होते. टाकेवालीने सगळं सांगितलं, कडी हलवणाऱ्या माणसापासून. सांगताना ती रडली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बूट दुकानातले, मान्य. पण बाई, मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि ते लेखी आहे. तिला आत बोलवा. ती म्हणाली घरात कुणी नसतं, की मी आत्ता सही करतो."

मुंगी बाहेरच्या बाकड्यावर पाय हलवत बसली होती. ती आत आली. तिने एवढं मोठं टेबल पाहिलं, टेबलामागचा अनोळखी माणूस पाहिला, आणि आईचे लाल डोळे पाहिले. ती आईच्या जवळ जाऊन उभी राहिली, थोडी पुढे.

"बाळ," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझे बाबा घरी असतात का गं?"

"असतात."

"खरं सांग मुंगे," टाकेवाली म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "जे खरं आहे ते सांग."

मुंगीने आईकडे एकदा वळून पाहिलं आणि मग साहेबांकडे. "खरंच सांगतेय. आत्ता घरी झोपलेत. ते खूप मोठे आहेत. त्यांना उठवलं की राग येतो. पावसात त्यांचे बूट भिजतात, मग आई पुसते."

मालकाने कपाळावर हात मारला. साहेबांनी टाकेवालीकडे पाहिलं. आता तिने बोलायचं होतं. मुंगे, तुला बाबा नाहीत, कधी नव्हते, ते बूट कुणीतरी विसरून गेलेल्यांचे आहेत. बास, एवढंच. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं. आणि तिला बुटात झोपवलेली ती बाहुली आठवली. या परक्या खोलीत, या परक्या माणसासमोर पोरीचा बाप तिच्याकडून काढून घ्यायचा, आणि तो पैशासाठी? तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि मान खाली घातली.

"मुलं खोटं बोलत नाहीत हो," साहेब हळूच म्हणाले. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला होता. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल असं त्यांनी सांगितलं, आणि पोत्यात बूट भरायला मालकाला स्वतः मदत केली.

सहा महिने कोण थांबणार होतं? आजी गेल्या. दोन आठवडे टाकेवालीने अर्धा दिवस काम करून पाहिलं, तर पगारही अर्धा आला आणि घरभाडं काही अर्धं झालं नाही. मालकाने जमेल तेवढं वर दिलं; त्याच्याकडेही खाण नव्हती. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात थोरली बहीण गाडी करून आली. येताना तिने मुंगीसाठी नवं दप्तर आणलं होतं आणि टाकेवालीच्या नजरेला नजर देत नव्हती. "सुट्टी लागली की घेऊन येईन," एवढंच तिने चारचारदा सांगितलं.

टाकेवालीने कपड्यांची पिशवी भरली. प्रत्येक फ्रॉकची शिवण ओढून पाहिली, जणू तिकडे सुईदोरा मिळतच नव्हता. ती रडली नाही. रडलं तर पोर गाडीत बसायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ताई पिशवी घेऊन खाली गेली. मुंगी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहिली आणि बुटांकडे बघून म्हणाली, "आई, हे आत घेऊ नकोस हं. आता तर तू एकटीच असशील."

"नाही घेणार."

"आणि बदलत जा. आणि कुणी आलं ना, तर साखळी काढायची नाही. आता तूच सांगायचं, बाबा आत झोपलेत."

टाकेवाली गुडघ्यांवर बसली. आता तरी सांगितलं पाहिजे, तिला वाटलं, परक्या घरी जायच्या आधी. "मुंगे, ऐक. तुझे बाबा..."

"अगं, ते नाहीयेत, माहितीये मला," मुंगी म्हणाली. ती कुजबुजत होती, जिन्यात कुणी ऐकू नये म्हणून. "केव्हापासून माहितीये. मी खेळते बुटांशी, तसं."

टाकेवालीने तिचे दोन्ही खांदे धरले. "मग... त्या साहेबांना..."

"तो अनोळखी होता ना! त्याने तुला रडवलं होतं. तू घाबरून भलतंच बोलायला लागलीस. पण मी नाही बदललं." तिने मान ताठ केली. "किती गोड गोड विचारत होता. तरी मी नाही सांगितलं की आपण दोघीच असतो."

एक प्रश्न. घरी, कचेरीत जायच्या आदल्या दिवशी, केस विंचरताना एकदा विचारलं असतं, की मुंगे, तुला बाबा आहेत का गं, तर आज मुंगीचं दप्तर इथल्याच खुंटीला असतं. टाकेवालीने विचारलं नव्हतं. पोरीचं मन मोडेल म्हणून तो प्रश्न तिने इतकी वर्षं टाळला होता.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. मुंगीने हात पुढे केला.

"त्या साहेबांकडे गेलो त्या दिवशीचं बिस्कीट राहिलंय. तू विसरलीस."

टाकेवाली उठली, आत गेली, डबा उघडला. तिने अख्खा पुडाच आणला. मुंगीने त्यातलं एकच काढून घेतलं, बाकीची परत दिली, आणि जिना उतरताना ते खात खात, मागे वळून हात करत गेली.

गाडी गेल्यावर टाकेवाली वर आली. पिशवी नेताना ताईचा धक्का लागून एक बूट आडवा झाला होता. तिने तो उचलला, सरळ ठेवला, मग जरासा तिरपा केला, आणि आत जाऊन साखळी लावली.